रसातली पूड

डॉक्टरबाईंनी दिव्याची मान वाकवून वेल्डरच्या गालावरच्या गाठीवर आणली, तेव्हा त्याची बायको कोपऱ्यातल्या स्टुलावर पर्स आवळून बसली होती. नर्सने दोघांनाही काळे चष्मे दिले. जन्मभर ठिणग्यांसमोर काच धरलेल्या माणसाला चष्मा कसा लावायचा तेही ती शिकवत होती, आणि तो शहाण्या मुलासारखा ऐकून घेत होता.

घरून आणखी काही औषध घेता का, असं नर्सने मघाशी विचारलं होतं. तो नाही म्हणाला, बायकोने पर्सची चेन लावून घेतली.

आता त्याने विचारलं, उजेडाने गाठ मरते कशी? डॉक्टरबाई म्हणाल्या, मलम गाठीत मुरलंय. त्यावर हा लाल उजेड पडला की पेशीतला ऑक्सिजनच उलटतो आणि तिला आतून जाळतो. हे साधलं तर ठीक, नाहीतर सुरी, आणि सुरीच्या वाटेत डोळा येतो.

बायकोने पर्स उघडून आत पाहिलं. पर्समधल्या डबीवर छापलेलं होतं, ‘ऑक्सिजनच्या माऱ्यापासून पेशींचं रक्षण’. महिनाभर ती पूड ती रोज सकाळी त्याच्या रसात ढवळत होती. चोरून, कारण असल्या पुड्यांचं नाव काढलं की त्याचं डोकं फिरायचं.

"थांबा," ती म्हणाली आणि डबी पुढे केली.

डॉक्टरबाईंनी लेबल वाचलं. रागावल्या नाहीत. "आग विझवताना बंबवाला चोराचं घर की सावाचं, ते बघत नाही, काकू. ही पूड गाठीलाही वाचवेल." आज नको, पूड बंद करून दोन आठवड्यांनी या, म्हणाल्या. नर्सने मलम पुसून पट्टी लावली.

"म्हणजे जे गंजवायचं, त्यालाच हिने प्रायमर मारला," वेल्डर हसत म्हणाला. "आता आधी खरवडा."

तिला हसू येईना. बाहेर व्हरांड्यात आल्यावरही तिने काळा चष्मा काढला नाही. एकदाचं रागावून तरी घ्या, म्हणाली.

"रस कडू लागायचा," तो म्हणाला.

"मग बोलला का नाहीत?"

त्याने टोपीची कड खाली ओढून पट्टीवर सावली धरली. "मी पेला संपवला की मगच तू न्याहारीला बसायचीस."