पाच बोटांपुरतं काळं

राकेशने कळवणहून जुनी मोटरसायकल आणली, तेव्हा तिचं काळं प्लास्टिक उन्हाने विटून राखाडी झालं होतं. फक्त सीटमागे पाच बोटं पसरलेल्या पंजाच्या आकाराचा भाग काळाकुळकुळीत होता. जणू तिथे कायम कुणीतरी हात टेकून बसलेलं.

विकणारे पुंजारामबाबा तर म्हणाले होते, “आठ वर्षं खळ्यात उभी हाय. कुणी बसलंच नाय तिच्यावर.”

रविवारी सकाळी गंगापूर रोडवरच्या घरासमोर राकेशने प्लास्टिकवर हीट गन फिरवली. गरम हवेने राखाडी रंग विरत गेला, मूळचा काळा वर आला. पाची बोटं त्यात मिसळून गेली. गेली एकदाची, असं त्याला वाटलं.

दुपारी तो एकटाच वणीला चक्कर मारून आला. बायको, चैताली, दारातच होती. तो गाडी लावायला वळला तशी तिने विचारलं, “मागे कोण बसलं होतं?”

“कुणीच नाही. का गं?”

त्याच्या पाठीकडे बघत ती दोन पावलं मागे सरली.

राकेशने शर्ट काढून पाहिला. सकाळी घडी मोडलेला कोरा काळा शर्ट पाठीवर विटून राखाडी झाला होता.

डाव्या खांद्यावर मात्र पाच बोटं काळीच होती.