उजवी पाकळी

नवऱ्याचं वर्षश्राद्ध उरकलं, तरी त्याची सुतळी गुंडाळलेल्या दांडीची छत्री सुर्ल्याच्या घरात रोज तिन्हीसांजेला आपोआप उघडायची. शेवटी सुमंगलाने वास्कोला लेकाकडे राहायला जायचं ठरवलं आणि म्हापशाच्या भर बाजारातल्या देवळात कौल लावायला आली.

"भटमाम, देवाक विचारा, माझो घोव पाठोपाठ वास्कोक येतलो काय?"

भटमामांनी देवाच्या अंगावर दोन ओल्या पाकळ्या लावल्या. उजवी पडली तर येणार, डावी पडली तर सुटका. मागची रांग कुरकुरायला लागली, पण एकही पाकळी हलेना.

"देव गप्प कसो?"

"बाये, एकाच घरची गोष्ट देव दिवसातून दोनदा सांगत नाही. सकाळीच सुर्ल्याचे एक गृहस्थ येऊन गेले. घरात शांती नाही म्हणून वास्कोला लेकाकडे निघाले होते. बायको पाठोपाठ येईल काय, असं विचारत होते. उजवी पडली."

"मागीर?"

"मागीर काय, बिचारे रडत गेले. छत्री इथेच विसरले. वास्कोलाच चाललीस ना? तेवढी घेऊन जा."