वाकडा रेणू

नसीमाने काचेची नळी उलटी धरली, तरी आतलं जेल खाली आलं नाही. खरवसासारखं घट्ट बसलं होतं ते. मग तिने त्यावर रंगकारखान्याच्या नाल्यातलं लाल पाणी ओतलं. तासाभरात पाणी नितळ झालं आणि जेल लालभडक.

"अणू तेच आहेत, सर," ती म्हणाली. "फक्त एक फांदी शेजारच्या जागी जोडली, म्हणून रेणू वाकडा झाला. सरळ रेणू एकमेकांना इतके चिकटतात की त्यांचे खडे होऊन तळाशी बसतात. वाकड्यांना तसं बसता येत नाही. ते धाग्यांसारखे गुंततात आणि त्या जाळ्यात रंग अडकतो."

घाटगे सर स्टुलावर टेकले. बारा वर्षांपूर्वी त्यांच्या धनाजी नावाच्या विद्यार्थ्याने हेच सुचवलं होतं. "वाकड्यातिकड्यांची कधी नीट रचना होते का?" असं म्हणत सरांनी ते सगळ्यांसमोर हसण्यावारी नेलं होतं. वर्षभरात धनाजीने संशोधन सोडलं. आता तो जतजवळच्या एका शाळेत विज्ञान शिकवत होता.

सरांनी त्याला फोन लावला. माफीची वाक्यं मनात जुळवून ठेवली होती, पण पलीकडून "बोला, सर" ऐकताच ती कुठल्या कुठे गेली.

"धनाजी, तुझं बरोबर होतं. वाकड्याचंच जेल झालं. मी चुकलो रे."

पलीकडे वर्गातला गलका ऐकू येत होता. मग दार लोटल्याचा आवाज आला आणि गलका थांबला.

"सर," त्याने विचारलं, "निळ्या रंगावर करून बघितलं का?"