अर्धा किलो

काटा साडेतेरावर येऊन थांबला आणि मुंगीच्या आईचं तोंड उतरलं. सलग चौथा बुधवार, आणि तेच साडेतेरा.

"बघू पुढच्या वेळी," नर्सबाई म्हणाल्या. त्यांनी वहीत आकडा लिहिला आणि दाराच्या चौकटीला टांगलेल्या वजनकाट्याच्या झोळीतून मुंगीला अलगद खाली उतरवलं.

मुंगी चार वर्षांची. साखर दिसली की हजर, म्हणून बाबानं ठेवलेलं नाव. तीन महिन्यांपूर्वी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तिच्या बरगड्या पाहिल्या आणि आईबाबांची चांगलीच कानउघाडणी केली. आई चष्म्याच्या दुकानात, बाबा लिफ्टदुरुस्तीला. घरात स्वयंपाक नावालाच. बिस्किटं, पाकिटातले नूडल्स आणि मोबाइल दाखवत कोंबलेले चार घास, हाच त्या पोरीचा आहार. मग दवाखान्यानं नर्सबाईंना घरी पाठवायला सुरुवात केली. दर बुधवारी यायचं, वजन करायचं, घराला खाण्यापिण्याची शिस्त लावायची. चौदा किलो भरले की फाईल बंद, आणि नर्सबाई दुसऱ्या घरी.

नर्सबाईंनी घराचा नूरच पालटला. बिस्किटांचा डबा गेला. जेवताना मोबाइल कपाटात जाऊ लागला. अंडी, केळी, कडधान्यं, दूध आलं. "एकत्र बसून जेवा. पोर ताटाकडे नाही, तुमच्या तोंडाकडे बघतं," असं त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. बाबाला भोपळ्याचा तिटकारा. त्यालाही तो मुंगीसमोर मिटक्या मारत खावा लागे. नाटकवाल्यांनी पाहिलं असतं तर पळवून नेलं असतं त्याला.

आणि मुंगी खायला लागली. आधी नाक मुरडत, मग मुकाट्यानं, आणि आता तर "अजून वाढ" म्हणून ताट पुढे करत. काटा मात्र ढिम्म. दर खेपेला नर्सबाई झोळी टांगत, वरचा स्क्रू फिरवून काटा नीट लावत. तोवर आई पोरीला कडेवर घेऊन उभी असे.

"बाई, हिला उचललं की हात भरून येतो माझा," ती एकदा म्हणाली होती.

"दिवसभर दुकानात उभी असतेस. थकतेस, म्हणून जड लागते."

"पण फ्रॉकही दाटायला लागलाय."

"या वयात अंग भराभर वाढतं गं. वजन वेगळं."

शिकलेल्या बाईपुढे ती काय बोलणार?

नर्सबाई बुधवारी हे घर शेवटी ठेवत. काम आटोपलं की याच टेबलाशी बसून चार घास खात. चमचे कुठल्या खणात असतात ते आता त्यांना सांगावं लागत नसे. "तुम्ही घरी काय करता हो जेवायला?" बाबानं मागे विचारलं होतं.

"एकटीला काय लागतं? ओट्यापाशी उभ्याउभ्या ब्रेड खाते," त्या म्हणाल्या. "लोकां सांगे ब्रह्मज्ञान!"

सगळे हसले होते. मुंगीनं आपलं अर्धं केळं त्यांच्या ताटात ठेवलं होतं, आणि तेवढंसं केळं संपवायला नर्सबाईंना बराच वेळ लागला होता.

आज कुणी हसत नव्हतं.

"बाई, आता पुढची वेळ नाही," आई म्हणाली. "रविवारी सासूबाई येतायत. मुंगीला घेऊन जाणार."

"कुठे?"

"त्यांच्याकडे. वर्षभर तरी. 'तुम्हाला पोर सांभाळता येत नाही,' म्हणाल्या."

"आणि तुझा नवरा?"

"तो काय बोलणार? त्यानं हात टेकलेत. महिनाभर तोच आकडा ऐकतोय." तिनं मुंगीचा फ्रॉक सारखा केला. "मलाही पटायला लागलंय. सगळं केलं हो मी. तरी आई म्हणून नापासच."

"असं कोण म्हणतं?"

"काटा म्हणतो."

नर्सबाईंच्या हातातली वही तशीच राहिली. "हात धुऊन येते," एवढंच पुटपुटून त्या आत गेल्या. नळ सुरू झाला आणि बराच वेळ सुरूच राहिला.

आई टांगलेल्या झोळीकडे बघत बसली. अर्धा किलो. अर्ध्या किलोपायी पोटची पोर चालली होती. रविवारनंतर या टेबलाशी कुणाला वाढायचं? तिला कशाचाच मार्ग दिसेना. असतो तरी केवढा हा अर्धा किलो?

तिनं उठून फळीवरचा मिठाचा पुडा घेतला. एक किलोचा, न फोडलेला. नुसता अंदाज यावा म्हणून झोळीत ठेवला.

काटा हलला आणि अर्ध्या किलोवर थांबला.

तिनं पुडा बाहेर काढला, छापलेलं वजन वाचलं, पुन्हा ठेवला. अर्धाच.

आतला नळ बंद झाला. नर्सबाई दारात येऊन उभ्या राहिल्या, हातांवरून पाणी निथळत होतं. त्यांनी पुडा पाहिला, काटा पाहिला. आईशी नजरानजर होताच त्यांची मान खाली गेली.

"फाईल बंद केली," त्या हळूच म्हणाल्या, "तरी बुधवारी जेवायला येत जाऊ का गं मी?"