साधी गाठ

किल्ली जागेवर नव्हती. एवढंच झालं, आणि नवऱ्याने तिला स्वयंपाकघराच्या दाराशीच धरलं, भिंतीला टेकवलं आणि दोन्ही हातांनी तिचा गळा आवळला.

(इथली शिवी गाळली आहे. तुम्हाला येत असेलच.)

तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली, टाचा जमिनीवरून सुटल्या, आणि तेवढ्यात त्याच्या अंगठ्याखाली बोराएवढं काहीतरी सरकलं. त्याने हात काढले. आजवरच्या संसारात त्याने मारणं पहिल्यांदाच अर्ध्यावर सोडलं.

"हे काय गं, गळ्यात गाठ?"

तेव्हापासून घरात आवाज चढला नाही. चहा तोच करायचा, पाणी तोच भरायचा. सोनोग्राफीच्या खोलीपर्यंतही तोच तिला हात धरून घेऊन आला. "माझ्याच हाताला लागली हो," त्याने डॉक्टरबाईंना सांगितलं.

"नशीब, वेळेवर लागली. बसा आता बाहेर."

गार जेल लावून डॉक्टरबाईंनी तिच्या गळ्यावरून यंत्र फिरवलं, पडद्यावर गाठ मोजली आणि हसल्या. "स्पंजसारखी आहे, कडाही स्वच्छ. कॅन्सरची भीती नाही. सुई घालून तपासायचीसुद्धा गरज नाही. उठा, मिस्टरांना सांगूया. जीव टांगणीला लागलाय बिचाऱ्यांचा."

ती उठली नाही. तिने डॉक्टरबाईंचं मनगट घट्ट धरलं.



"बाई, त्यांना गाठ वाईट आहे असं सांगाल का?"