रुमालाखालचा भाव

"अण्णा, जरा मागे सरका. मला फक्त तुमच्या नाकपुड्या दिसतायत," लॅपटॉपमधून उत्कर्षा म्हणाली.

रंगराव खुर्चीसकट मागे सरकले. आता स्काइपच्या चौकटीत ते आणि द्वारकाबाई दोघंही आले, पण छातीपर्यंतच. टेबलाखाली रंगरावांच्या मांडीवर त्यांचा चौकड्यांचा रुमाल पसरला होता, आणि रुमालाखाली त्यांचा हात द्वारकाबाईंच्या हातात होता.

पुण्यात गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गुळाचे भाव त्यांनी उभा जन्म असेच केले. रुमालाखाली हात घालायचा, समोरच्याची बोटं दाबायची, तोंडाने मात्र हवापाण्याचं बोलायचं. जितकी बोटं तितका भाव. घरातही पाहुण्यांसमोर नवराबायको असंच बोलत. थोरल्याची सोयरीक याच रुमालाखाली ठरली, आणि मुलीकडचे शेवटपर्यंत पोह्यांचं कौतुक करत बसले होते.

आजचा भाव वर्षांचा होता, एका बोटाला एक वर्ष. उत्कर्षाचं एडिंबरातलं शिक्षण संपत आलं होतं, तिथल्याच एका कंपनीने तिला नोकरी देऊ केली होती. व्हिसा दोन वर्षांचा मिळत होता. उद्या कळवायचं होतं. जेवताना दोघांचं ठरलं होतं की एकही बोट दाबायचं नाही. पोरीने सरळ पुण्याला यायचं. हिंजवडीत काय नोकऱ्यांचा दुष्काळ पडलाय?

पण नोकरीचं कुणी काढेचना. उत्कर्षा कालच्या भटकंतीचं सांगत होती. शहराच्या कडेला समुद्रात एक बेट आहे. ओहोटी लागली की तिथवर वाट उघडी पडते, चालत जाता येतं.

"कोण कोण गेला होतात?" रंगरावांनी विचारलं.

"आम्ही पाच जण."

"पोरी किती?"

"दोन. मला धरून."

वजाबाकी रंगरावांना येत होती.

"अण्णा, ते तिघंही माझ्यापेक्षा भित्रे आहेत."

"मी कुठं काय म्हणालो? पुढं सांग."

"पुढं काय, अख्खं बेट पायी फिरलो. गुडघ्याएवढं गवत, कडेला युद्धाच्या वेळच्या पडक्या खोल्या. टेकाडावर बसून डबे उघडले. आई, तुझी शेंगदाण्याची चटणी होती ना, ती त्यांनीच संपवली. मग सगळे उन्हात आडवे झाले. इथं ऊन पडलं की माणसं कामातून जातात. पाणी किती वाजता चढतं ते मी जाताना पाटीवर वाचलं होतं, हातावर लिहूनही घेतलं होतं. वेळ झाली तरी कुणी हलेना. त्यात तो ग्रीक मुलगा. म्हणे, माझं घर समुद्रावर आहे, तू मला शिकवू नकोस. त्यांच्या समुद्राला भरतीओहोटी नावालाच असते, हे त्याला कुठं ठाऊक."

"आणि तुला ठाऊक," रंगराव म्हणाले. "आपल्या गुलटेकडीला केवढा समुद्र."

"म्हणून तर पाटी वाचली."

"मग?" द्वारकाबाईंनी विचारलं.

"मग मी ओरडले. मराठीतच. उठताय, का एकेकाला कमरेत घालू लाथ? पटापट उठले सगळे. अर्ध्या वाटेवर आलो तोवर बुटात पाणी. पलीकडे पोचून मागं बघितलं, तर वाट नव्हतीच."

रंगराव हसले. द्वारकाबाई हसल्या नाहीत. दहावीपर्यंत मंडईच्या गर्दीत आईच्या पदराचं टोक न सोडणारी पोर ती हीच का, हे त्या पडद्यात निरखून बघत होत्या.

"आधी कुणाला विचारलं होतंस? एखाद्या सरांना वगैरे?"

"कुणाला विचारणार, आई? तिथं मीच होते."

रुमालाखाली रंगरावांचं एक बोट दाबलं गेलं. त्यांना वाटलं, चुकून लागलं असेल.

"बूट वाळत घातलेस का?" द्वारकाबाई विचारत होत्या.

"हीटरवर ठेवलेत."

"कागद कोंब आत. नाहीतर वास मारतील."

दुसरं बोटही दाबलं गेलं. रंगरावांनी बायकोकडे पाहिलं. द्वारकाबाईंचं लक्ष बुटांवर होतं. रंगरावांनी हात हिसडला. बायकोने सोडला नाही. पुन्हा हिसडला.

"अण्णा," उत्कर्षा म्हणाली, "किती ठरलं?"

"कशाचं?"

"रुमालाखालचं. आईचा खांदा मघापासून हलतोय. लहानपणापासून बघतेय मी."

रंगरावांनी घसा खाकरला. खिडकीकडे बघितलं. यार्डात भल्याभल्यांना घाम फोडणारा हा माणूस, पण दोन्ही बाजूंनी बायकाच आल्यावर काय करणार?

"तुझ्या आईला विचार," ते म्हणाले.

"दोन," द्वारकाबाई म्हणाल्या. "वर एक दिवस नाही."

उत्कर्षाने चष्मा काढून तो ओढणीला पुसला, मग आणखी एकदा पुसला. मग "ठेवते गं," म्हणाली आणि पडदा काळा झाला.

सौदा झाला की हात लगेच सुटला पाहिजे, अशी यार्डातली रीत. जो धरून ठेवतो त्याचा जीव मालात अडकलाय, हे समोरचा ओळखतो.

"अहो, सोडा आता. भांडी पडलीयत," द्वारकाबाई म्हणाल्या.

"हो, हो," रंगराव म्हणाले, आणि दुसऱ्या हाताने त्यांनी रुमाल दोघांच्या हातांवर नीट ओढून घेतला.