रविवारची घंटा

घंटेचा दोर हातात धरून बाबाराव उभे होते. साडेनऊ होऊन गेले होते. चार दिवसांपासून झड लागलेली, आणि चर्चच्या टिनावर पाणी असं कोसळत होतं की शेजारच्याशी बोलायचं तरी ओरडून बोलावं लागे.

"नका वाजवू, बाबारावजी," पास्टर अंकितनं तिसऱ्यांदा सांगितलं. आजची उपासना रद्द, कोणी घराबाहेर पडू नये, असा निरोप त्यानं कालच साऱ्यांच्या मोबाइलवर टाकला होता. पोरगा पुलगावचा, वर्षाभरापूर्वी या खेड्यात आलेला. पाण्याला एवढा भिणारा पास्टर बाबारावांनी उभ्या जन्मात पाहिला नव्हता.

"उपासना तुमची हाय, ते करा बंद. घंटा माही हाय," बाबाराव म्हणाले. "बेचाळीस वर्षं झाले. माहा बाप घरात मरून पडला होता, तवाही वाजवली. कोरोनात दाराले कुलूप होतं, तरी वाजवली. मी मेल्याबिगर हे घंटा बंद पडत नसते. इचारा कोणालेही."

"अन् कोरोनात घंटा ऐकून कोण आलं होतं?"

आली होती ती एकटी तानाबाई, त्यांची थोरली बहीण; तिला ते बाई म्हणत. नाल्यापलीकडच्या गावात दिलेली. आई गेली तेव्हा बाबाराव दोन वर्षांचे होते. तानाबाईनं त्यांना कडेवर घेऊन वाढवलं. आता ती ऐंशीला आली होती, तरी घंटा झाली की गीतांचं पुस्तक पिशवीत टाकून ती निघे. नाल्यावरचा रपटा, तो बिनकठड्याचा बुटका पूल, ओलांडून येई. कोरोनात तर कुलूप पाहून बाहेर पायरीवर बसली, दोन गीतं म्हटली आणि भावाच्या घरचा चहा पिऊन गेली. पोलिसानं अडवलं, तर त्यालाच म्हणाली, "घंटा ऐकू नाई आली काय रे तुले?"

"रपट्यावर कमरेएवढं पाणी आहे," अंकित म्हणाला. "त्यांच्याजवळ मोबाइल नाही. तुम्ही वाजवली की त्या निघाल्याच समजा."

खरं होतं ते. बाबारावांनी काल तानाबाईच्या शेजारच्या कमलाच्या मोबाइलवर चारदा लावून पाहिलं होतं. पलीकडच्या गावातली लाइन दोन दिवसांपासून गेलेली, सारे मोबाइल बंद. तानाबाईला घरात बसवायचा एकच उपाय उरला होता, आणि तो बाबारावांच्या मुठीत होता.

त्यांनी दोर सोडला. बेचाळीस वर्षांचा नेम असा मोडताना म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि अंकितनं ते पाहून न पाहिल्यासारखं केलं. दोघांनीच गुडघे टेकून प्रार्थना केली. बाबारावांनी देवाजवळ दुसरं काही मागितलं नाही. माह्या बाईले सांभाळ, एवढंच म्हणाले.

घरी येऊन त्यांनी चहा केला. हळूहळू जिवाला बरं वाटू लागलं. घंटा काय, पुढच्या रविवारी वाजेल. बहीण एकदा गेली तर कुठून आणायची? खाटेवर बसून आपल्याला शिव्या देत असेल, या विचारानं त्यांना हसूही आलं. लहानपणी ते शाळा बुडवत, तेव्हा ती अशीच काठी घेऊन दारात बसायची.

दुपारी पाऊस थांबला. दोन वाजेपर्यंत रपटा उघडा पडला. बाबारावांनी छत्री घेतली, पुडीत पावशेर जिलेबी बांधून घेतली आणि निघाले. घंटा का नाही वाजवली म्हणून बाई बोलेल, बोलू दे. आज तिचं सारं ऐकून घ्यायचं, असं त्यांनी ठरवलं होतं.

रपट्याच्या खालच्या अंगाला माणसं जमली होती. बायकांचं रडणं ऐकू येत होतं. बाबाराव जवळ गेले, तशी गर्दी बाजूला झाली. तानाबाईला नुकतंच बाभळीतून सोडवून काठावर आणलं होतं. अंगावर रविवारचं पांढरं लुगडं. पायात चपला नव्हत्या.

बाबाराव तिच्या पायांशी बसले. जिलेबीची पुडी चिखलात पडली. त्यांनी तिचं थंड पाऊल हातात घेतलं आणि लेकरासारखे रडू लागले.

"बाई वं! काऊन निघाली वं तू? म्या त घंटा वाजवलीच नाई!"

डोक्याशी बसून छाती पिटणारी कमला त्यांचा आवाज ऐकून थांबली. तिनं मान वर केली. बाबारावांकडे ती अशी पाहत राहिली, जणू मेलेलं माणूस उठून आलं होतं.

"दादाजी... तुमी हा?" तिनं त्यांचा दंड चाचपून पाहिला. "तुमी बरे हा?"

"मले काय झालं? हिले काऊन येऊ देलं तुमी? आज उपासना नोती, घंटा नोती."

"मी लय अडवलं जी. हात धरला, पाया पडलो. म्हटलं, पानी उतरू द्या, मंग जाजो. ऐकलंच नाई." कमलानं पदर तोंडाला लावला. "तयार होऊन, पिशवी घेऊन, सकाळपासून दारात कान देऊन बसली होती. दहा वाजले, मंग उठली. गीताचं पुस्तक पिशवीतून काढून माह्या हाती देलं. म्हने, उपासनेले नाई जाऊन राह्यलो वं कमला. आज घंटा नाई वाजली. माहा भाऊ गेला."